काका, निरोप पोचवला

तमाम रेवदंडेकरांना, चौल-कोर्लईच्या शेजाऱ्यांना आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा सर्वांना अत्यंत गंभीरपणे जाहीर करण्यात येते की, हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले आमचे कमांडरकाका यांनी 'माझ्यामागे भाषण करायचं नाही' असा स्पष्ट शब्दांत दिलेला हुकूम प्रस्तुत लेखकाने मोडलेला आहे. भाषण झाले. माइक लावून झाले. ते लांबले. मध्ये वीज गेली तेव्हा संपले असे समजून लोक उठले, परंतु वक्त्याने आवाज चढवून ते पुढे चालू ठेवले.

हे माझ्याकडूनच कळलेलं बरं, काका. नाहीतर हसन रिक्षावाला सांगेल, आणि तो पदरचं घालून सांगतो. तुमच्या अस्थी जिथे समुद्रात दिल्या तिथे तो रोज सकाळी रिक्षा उभी करून तुमच्याशी मोठ्यानं बोलतो. त्यामुळे भाषणाची बातमी तुमच्या कानावर गेलीच असणार. तक्रार असेल तर नोंदवा.

तुम्ही हुकूम दोन दिले होते. अलिबागच्या दवाखान्यात, नाकात नळी असताना. नर्स 'आजोबा, बोलू नका' म्हणाली, तर तुम्ही तिला 'सिस्टर, जरा दाराबाहेर उभ्या राहा' म्हणालात आणि ती खरोखर जाऊन उभी राहिली. मग मला म्हणालात, "दिग्या, पहिलं. भाषण नको. दुसरं. जग्गीच्या बहिणीला सांगायचं की तिचा भाऊ माझ्यामुळे गेला. मला जन्मात जमलं नाही. तू सांग. काय सांगशील ते म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं. 'तुमच्यामुळे' हा शब्द मी जरा गिळला. तुमचे डोळे मिटलेले होते, तरी म्हणालात, "पूर्ण."

तेव्हा पहिला हुकूम मोडला तो मोडला. दुसरा पाळलाय. कामगिरीवरून विमान परत आलं की चहाच्या आधी अहवाल द्यायचा, ही तुम्हा बॉम्बरवाल्यांची पद्धत. हा तो अहवाल. ज्यांना जग्गी कोण हेच माहीत नाही त्यांच्यासाठी मी जरा मागून येतो. तोवर तुम्ही डुलकी काढा.

तुम्ही मूळचे तळा तालुक्यातले, भातशेतीवाल्यांच्या घरातले. निवृत्त झालात आणि समुद्र दिसला पाहिजे या हट्टापायी रेवदंड्यात घर घेतलंत. काकू होत्या तोवर आमच्या खाणावळीत तुम्ही फक्त चहाला यायचात. त्या गेल्या आणि तुम्ही दोन्ही वेळचे झालात. पहिल्या दिवशी टेबलाशी बसून तुम्ही चारी भिंती निरखल्यात आणि विचारलंत, "इथे आग लागली तर बाहेर पडायचं कुठून?"

मी म्हटलं, "काका, आधी भाजी तरी चाखा."

"भाजी कळतेय वासावरून. दार कुठंय?"

मागचं दार मी कांद्याच्या पोत्यांनी बंद केलेलं होतं. तुम्ही जेवायच्या आधी ती पोती हलवायला लावलीत. तेव्हा मला वाटलं, म्हातारा चक्रम आहे. आता वाटतं, माझ्या खाणावळीत त्या दिवसापासून आजपर्यंत जेवलेल्या प्रत्येक माणसाची तुम्ही त्याला न सांगता काळजी घेतलीत, आणि त्यातल्या एकानंही तुम्हाला नमस्कार केला नाही.

हसनची गोष्ट तर गावभर आहे. त्याच्या रिक्षात बसलात की तुम्ही मागून दिशा द्यायचात. "हसन, डावीकडे पाच अंश."

"काका, रिक्षाला अंश नाय, हँडल हाय."

"मग हँडल डावीकडे पाच अंश."

"थितं गटार हाय."

"मग तीन."

अलिबागपर्यंत हे असंच चालायचं. मधल्या थांब्यावरचे लोक दुसरी रिक्षा रिकामी असूनही तुमच्या रिक्षात दाटीवाटीनं बसायचे, करमणूक होते म्हणून.

एकाहत्तरच्या लढाईत तुम्ही बॉम्बर विमानात होतात. आम्हाला वाटायचं, विमानात म्हणजे पायलट. तुम्ही दरवेळी दुरुस्ती करायचात. "नेव्हिगेटर. विमान तो चालवतो. कुठे न्यायचं ते मी सांगतो." त्यावर मी हळूच म्हणायचो, "म्हणजे तुमच्या घरातल्या काकू." काकू हसायच्या, तुम्ही नाही. तुमचा पायलट जग्गी, होशियारपूरकडचा सरदार. पायलट आणि नेव्हिगेटरची जोडी एकदा जमली की ती मोडत नाहीत, त्यामुळे मेसमध्ये तुम्हाला नवराबायको म्हणायचे. तो मोठ्यानं गायचा, तुम्ही घड्याळ बघायचात. तो तुमच्या वाटची अंडी खायचा, तुम्ही त्याच्या घरून आलेल्या पिन्न्या. पिन्नी म्हणजे त्यांच्याकडचा कणकेचा आणि तुपाचा लाडू. एक खाल्ला की माणूस संध्याकाळपर्यंत जमिनीवरून उठत नाही. त्यावर तुम्ही लोक विमानं उडवायचात.

लढाई कशी असते ते तुम्ही मला जेवणाच्या टेबलावर समजावून दिलंत. मिठाची बरणी म्हणजे जग्गी, वर, काचेच्या घुमटाखाली बसलेला. चमचा म्हणजे तुम्ही, खाली विमानाच्या नाकात, पोटावर पालथे पडून काचेतून जमीन बघणारे. बॉम्ब टाकायच्या आधी थोडा वेळ असा येतो की विमान पायलटचं राहत नाही. खालून तोफा चाललेल्या, आजूबाजूला गोळे फुटताहेत, आणि पायलटला इंचभरही चुकवायची मुभा नसते. चमचा सांगेल तसं बरणीनं जायचं. थोडं डावीकडे. बस. सीधा पकड़. सीधा पकड़. शिकवलेलं इंग्रजीत असायचं, पण ऐन वेळी तुमच्या तोंडून हिंदीच यायची. सीधा पकड़, म्हणजे सरळ धर. आणि बॉम्ब गेले की चमच्यानं म्हणायचं, छोड़. सोड. मग बरणी मोकळी, वाटेल तिकडे वळायला.

"लोक मला शूर म्हणतात," तुम्ही म्हणालात. "माझ्या हाताला काम असतं रे. मला घाबरायला वेळ कुठला? तो नुसता सरळ धरून बसतो, माझ्या शब्दाखातर. गोळे अंगावर येताना बघत."

"घाबरायचा नाही कधी?"

"रोज. घाबरला की गायचा. एकदा तोफांच्या वरून जाताना इतका बेसूर गायला की मी बॉम्ब लवकर टाकणार होतो."

आणखी एक गोष्ट त्याच टेबलावर कळली. बरणीला खुर्ची होती. हँडल ओढलं की पायलट खुर्चीसकट विमानाबाहेर. चमच्याला तशी खुर्ची नव्हती. चमच्यानं कानाला लावलेली बोलायची तार काढायची, रांगत दारापर्यंत जायचं, दार उघडायचं आणि उडी टाकायची.

"तुम्हाला का नाही खुर्ची?"

"नाकात जागा नव्हती," म्हणालात, आणि तोच चमचा उचलून वरणभात खायला लागलात.

आता मी गप्प बसणाऱ्यातला असतो तर हे इथेच राहिलं असतं. पण गावात दरवर्षी नाटक मी बसवतो, आणि त्या वर्षी मला विषय मिळत नव्हता. तुम्हाला विचारलं, जग्गीवर नाटक करू? तुम्ही नको म्हणालात. म्हणून लगेच लिहायला बसलो. जग्गीच्या भूमिकेसाठी हसनला घेतला, कारण रेवदंड्यात इतकी रुंद छाती दुसऱ्या कुणाची नाही, आणि पगडीचं कापड त्याच्या बायकोच्या ओढणीतून निघालं. विमान आम्ही जुन्या होडीच्या फळ्यांचं केलं होतं. त्याला मासळीचा वास येत होता, पण प्रेक्षकांना तो अंगवळणी पडलेला. शेवटी विमान पेटतं, नेव्हिगेटर उडी मारतो आणि एकटा उरलेला जग्गी मातृभूमीला उद्देशून बोलतो. दीड पान. मी लिहिताना स्वतः रडलो होतो.

तालमीला तुम्ही मागच्या खुर्चीवर येऊन बसलात. हसननं घाम पुसत पुसत दीड पान म्हटलं. तो थांबल्यावर तुम्ही म्हणालात, "एवढ्या भाषणात विमान तीनदा पडलं असतं."

हसन म्हणाला, "ह्येच मी सांगत व्हतो."

मी चिडून विचारलं, "मग तुम्ही सांगा. काय होते त्याचे शेवटचे शब्द?"

"शेवटचे शब्द माझे होते," तुम्ही म्हणालात आणि उठून गेलात.

पुढे नाटक राहिलंच, कारण वादळ आलं. माड आडवे झाले, खाणावळीची निम्मी कौलं उडून गेली. कौलं बसवायला माणूस मिळेना, तेव्हा मी शिडी लावून वर चढलो आणि तुम्ही, त्या वयात, खाली शिडी धरायला उभे राहिलात. "काका, घट्ट धरा हं," म्हणालो. काम झालं, उतरलो, हात धुतले, आत जाऊन चहा घेतला, मेहुण्याचा फोन आला, त्याच्याशी भांडलो. बाहेर आलो तर तुम्ही उन्हात तसेच. दोन्ही हात शिडीवर. सदरा घामानं अंगाला चिकटलेला.

"काका, मी कधीच उतरलो."

"दिसलं मला."

"मग?"

"धर म्हणालास. सोड म्हणाला नाहीस."

मी पोट धरून हसलो. ही तुमची खोड गावाला उलट्या बाजूनं माहीत होती ना. बाजारात कुणाच्या हातात छत्री दिलीत की परत घेताना तुम्ही 'सोड' म्हणायचात, आणि छत्री तुमच्या हातात आल्यावरही पुन्हा एकदा म्हणायचात. हसन तर तुम्ही उतरायच्या आधी ब्रेकवर पाय ठेवून नाटकीपणानं विचारायचा, "काका, सोडू का?" त्या दिवशी मीही तसाच हसत होतो. मग बघितलं, तुम्ही हसत नव्हतात. मी म्हटलं, "सोडा." तुम्ही शिडी सोडलीत, पायरीवर बसलात आणि मला सांगितलंत.

बॉम्ब टाकून झाले होते. परतीची वाट होती, सरहद्द ओलांडून विमान आपल्या बाजूला आलं होतं. पण एक इंजिन पेटलेलं होतं आणि विमान सारखं एका अंगावर कलंडायला बघत होतं. जग्गीनं ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. हात काढला असता तर ते उलटं झालं असतं, आणि उलट्या विमानात नाकातला माणूस दारापर्यंत पोचत नाही. तो तारेवर म्हणाला, "चल, निकल." तुम्ही म्हणालात, "सीधा पकड़." सवयीनं. मग तार काढलीत, रांगत गेलात, दार उघडलंत, उडी टाकलीत.

"तो वर, मी खाली," तुम्ही म्हणालात. "मी गेलो की नाही, हे त्याला बसल्या जागी दिसत नव्हतं. खुर्ची होती रे त्याला, दिग्या. पण तिचं हँडल ओढायचं तर हातातली दांडी सोडावी लागते. कुणीतरी सोड म्हणायला हवं होतं, आणि ते म्हणणारा माणूस पॅराशूटला लोंबकळत होता. मी बघत होतो. विमान सरळ गेलं. त्याला इतकं सरळ उडवताना मी कधी पाहिलं नव्हतं. जमिनीला टेकेपर्यंत सरळ."

मी आत जाऊन तुमच्यासाठी चहा आणला आणि त्याचे पैसे लावले नाहीत. माझ्या बाबतीत हे फार क्वचित होतं, म्हणून तुम्ही माझ्याकडे काळजीनं बघितलंत.

मग आपला वाद सुरू झाला, तो दवाखान्यापर्यंत चालला. मी म्हणायचो, तार काढल्यावर तुम्ही सोड सांगणार कसं? तुम्ही म्हणायचात, तार काढायच्या आधी सांगायचं, मी गेलो की सोड, चार शब्द. मी म्हणायचो, जग्गीला सगळं कळत होतं. हाताशी खुर्ची असताना तो तुमच्यासाठी बसून राहिला. याला बलिदान म्हणतात. तुम्ही म्हणायचात, "बलिदान बिलिदान नाही. तो शिस्तीचा माणूस होता. नेव्हिगेटरनं धर म्हटलं, त्यानं धरलं. हुकूम माझा होता." आगरदांड्याच्या जेट्टीवर एकदा आपली दोघांची यावरून इतकी जुंपली की दिघीची फेरीबोट समोरून निघून गेली आणि तिकीटवाला पुढच्या फेरीला आपल्याला हाताला धरून आत सोडून आला.

एकदाच तुमचा आवाज चढला. माझी आमटी निवत होती आणि मी जग्गीला महापुरुष, हुतात्मा, काय काय म्हणत होतो. तुम्ही टेबलावर हात आपटलात. "तू त्याला देव करतोस, म्हणजे मी सुटतो. देवाचं काय, तो करणारच होता. मला इतक्या स्वस्तात सुटायचं नाही."

त्या दिवशी मला कळलं की मी हा वाद गंमत म्हणून खेळत होतो आणि तुम्ही खटला म्हणून.

आणखी एक गोष्ट मी तुमच्या तोंडावर कधी म्हणालो नाही. जग्गी गेला, तुमचा घोटा मुरगळला होता, आणि तो बांधून तुम्ही त्याच लढाईत दुसऱ्या पायलटबरोबर पुन्हा गेलात. पुन्हा त्याच नाकात, पुन्हा पोटावर, खुर्चीशिवाय. का गेलात विचारलं तर म्हणालात, "विमान होतं, पायलट होता. नेव्हिगेटर नसेल तर तो कुठे जाणार, अंदाजानं?" नव्या पायलटला बॉम्ब पडल्यावर तुम्ही 'छोड़' इतक्या वेळा म्हणायचात की तो बिचारा एकदा वैतागून म्हणाला, "सर, कब का छोड़ दिया." हे तुम्ही विनोद म्हणून सांगितलंत. मी हसलोही. पण जग्गीच्या त्या विमानात शूर माणूस एकच होता असं माझं मत नव्हतं, काका. दोन होते. हे मी बोललो असतो तर तुम्ही आमटीत मीठ जास्त झालंय म्हणत ताट सरकवून निघून गेला असता, म्हणून गप्प राहिलो. आता सरकवा ताट.

नाटक पुढच्या वर्षी झालं. दीड पान मी काढून टाकलं. शेवटच्या प्रवेशात हसन एक शब्द बोलत नाही, होडीच्या फळ्यांमध्ये दोन्ही हातांनी दांडी धरून समोर बघत राहतो, आणि दिवा हळूहळू मंद होतो. हसनला गप्प बसवणं हे माझ्या दिग्दर्शनातलं सर्वांत मोठं यश. मासळी बाजारातल्या बायकासुद्धा चिडीचूप होत्या. तुम्ही पडद्यामागे आलात आणि हसनला म्हणालात, "दांडी छातीशी धरली होतीस. पोटाशी धरतात." मग जाऊन हसनसाठी स्वतः चहा घेऊन आलात, आणि त्यानं पगडी उतरवायच्या आधी त्याच्या हातात दिलात. हसन अजून कुणाला तो चहा कसा होता ते सांगत नाही. म्हणतो, तो आमचा खाजगी मामला हाय.

आता बहिणीकडे येतो.

जग्गीची धाकटी बहीण गुड्डी. सत्तरी ओलांडली तरी गुड्डीच. दर हिवाळ्यात तिच्याकडून तुम्हाला पिन्न्यांचा डबा यायचा आणि तुमच्याकडून तिला सुकटीचं पुडकं जायचं, रेवदंड्याच्या वाळवणावरची निवडक सुकी कोळंबी. पोचली का, पोचली, बरी आहेस का, बरी आहे. फोनवर इतकंच. एकदा तुम्ही हिय्या करून पंजाबात निघालात, जालंधर स्टेशनवर उतरलात, चहा प्यायलात आणि पुढच्या गाडीनं परत आलात. मी विचारलं, "स्टेशनपर्यंत जाऊन?" तुम्ही म्हणालात, "चहा चांगला होता." पुढे तीन दिवस तुम्ही जेवायला आला नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा मी तिला फोन केला. तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाली, "मैं आ रही हूँ. स्टेशन कौन सा लगता है?"

मी म्हटलं, "स्टेशन नहीं लगता, बहनजी. बोट लगती है."

"बोट सही," म्हणाली.

तेराव्याच्या आदल्या दिवशी ती मांडव्याला बोटीतून उतरली. एवढीशी, हातात काठी, पायात मोठे पांढरे बूट. मी आणि हसन न्यायला गेलो होतो. मी काही बोलायच्या आत हसन पुढे झाला, छाती काढली आणि म्हणाला, "बहनजी, नाटक में मैं आपका भाई था."

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "इतना मोटा नहीं था," म्हणाली आणि रिक्षात बसली.

वाटेत तिनं विचारलं, काका ते दरवर्षी पुडक्यातून पाठवायचे ते काय असतं? मी सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. काका, ती शाकाहारी आहे. जन्मापासून. इतकी वर्षं तुमची निवडक कोळंबी शेजारणीच्या मांजरांनी खाल्ली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ती एका शब्दानं बोलली नाही. होशियारपूरमध्ये तुमचं नाव कुणी निष्ठेनं काढत असेल तर ती मांजरं.

आणि हे सगळं हसत हसत चाललेलं असताना मी पळवाटा शोधत होतो. कारण निरोप द्यायचा होता. घर दाखवलं, समुद्र दाखवला, तुमची खुर्ची दाखवली. प्रत्येक ठिकाणी वाटायचं, आता सांगू, आणि मी किल्ल्याचा इतिहास सांगायला लागायचो. कुठलंही भाषण न घाबरता ठोकणारा मी, एका वाक्याला घाबरलो होतो. समजा, ती म्हणाली असती की मग माझ्या भावाला यानंच मारलं, तर? तुम्ही आयुष्यभर हेच ऐकायची तयारी करत होतात. माझी नव्हती. ते ऐकून इथे येऊन तुम्हाला सांगणं मला झेपलं नसतं. शब्द जरा मऊ करावेत असंही मनात आलं. पण तुम्ही 'पूर्ण' म्हणाला होतात.

दुपारी खाणावळीत तिला वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढली. हसन शेजारच्या टेबलावर, जेवतोय असं दाखवत. ती दुसरी भाकरी मोडत होती, तेव्हा मी उभा राहिलो. बसून बोलता येईना. आणि सांगितलं. पूर्ण. इंजिन, दार, तार. काकांनी सीधा पकड़ म्हटलं, छोड़ म्हणायचं राहून गेलं. तुमचा भाऊ काकांमुळे गेला, असं काकांनी तुम्हाला सांगायला सांगितलंय.

तिचा हात ताटातच थांबला. "फिर से बोलो," म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. हसननं पाण्याचा पेला उचलला होता, तो तसाच त्याच्या हातात.

"इतने साल यही लेके बैठा था वो?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"इसी लिए नहीं आया?"

मी जालंधरच्या चहाची गोष्ट सांगितली.

पुढे काय झालं त्यातलं मागचं आधी सांगून टाकतो, कारण तिचं एक वाक्य मी शेवटाला राखून ठेवलंय आणि त्यानंतर मला काही बोलायचं नाही. ती रडली. हसलीही, आणि दोन्ही एकदमच, त्यामुळे हसनला पाणी द्यावं की टाळी, ते कळेना. मग तिनं ताटातलं सगळं बिरडं संपवलं आणि दुपारभर तुमच्या ओसरीवर एकटी बसली. जाताना म्हणाली, पिन्न्यांचा डबा यापुढेही येईल, हसनच्या नावानं. तिच्या आईबद्दलही बरंच बोलली. घरात सगळे त्यांना बीजी म्हणायचे.

आणि वादाचा निकाल, काका. तुम्ही हरलात. तुम्ही जग्गीबरोबर आकाशात होतात, पण ती त्याच्याबरोबर एका घरात वाढली होती. तुम्ही म्हणायचात, शिस्तीचा माणूस, हुकूम पाळला. मी तिला हेच तुमचे शब्द सांगितले. तिनं भाकरीचा तुकडा ताटात टाकला, माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच विमान पाडलं होतं, आणि साऱ्या खाणावळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जग्गी? जिसने सारी उमर बीजी के कहने पर जूते बाहर नहीं उतारे, वो तुम्हारे काका के कहने पर जहाज़ पकड़ के बैठा रहेगा?"